शाबासखान्याची हकीकत आणि राजहंस डेरा बसला तो प्रसंग

श्री. ज्या गजाननाने इवल्या उंदरास आपले वाहन म्हणविले आणि त्रिभुवनात त्याचा मान वाढविला, आणि तो उंदीरही त्या एका मानावर एवढा देह युगानुयुगे वाहत आला, त्या दोघांस नमन असो. साहेबी आज्ञा केली की, पूर्वी एका दौलतीत अठरा कारखाने असता एकोणिसावा निघाला आणि वर्षाच्या आत मोडला, ते वर्तमान जाहले तैसे लिहून पाठविणे. त्यावरून वृद्धांच्या तोंडचे ऐकिले, दफ्तरात वाळवीने ठेविले तेवढे वाचिले, आणि मग लिहिले. राज्याचे नाव लिहिले नाही. वाचणाराने आपल्या धन्याचे घातल्यास हरकत नाही. शके सोळाशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, वैशाख मास, येथोन प्रारंभ.

त्या राज्याची चाल ऐसी की, चांगल्या कामास कोणी चांगले म्हणू नये. यास कारण मूळपुरुष. ते घोड्यावर बसोन नदीकाठाने चालिले असता घोडा बहुत सुरेख धावला, म्हणोन मूळपुरुषांनी त्याची मान थोपटून "काय धावतोस रे" ऐसे म्हटले, आणि त्याच क्षणी घोड्याने ठेच खाल्ली आणि मूळपुरुष निवडुंगात पडले. तीन दिवस काटे काढीत होते. चौथे दिवशी पालथे निजूनच त्यांनी आज्ञा केली की, ही दृष्ट लागली. आजपासोन आमच्या दौलतीत चुकले तर बोलावे, न चुकले तर मौन धरावे, आणि मौन हीच शाबासकी समजावी. वाटेत घुशीचे बीळ होते हे घोड्यास ठाऊक होते. परंतु घोड्यास कोणी विचारिले नाही. पुढे तो घोडा म्हातारा होऊन मेला, नदीकाठी घोड्याच्याच आकाराचा त्याचा दगड उभा केला, आणि त्या दगडासही कोणी हात लावीत ना. मग पिढ्या गेल्या आणि लोक मौन वाचावयास शिकले. सरकारांनी कढीची वाटी ओठांस लावून खाली ठेविली आणि काही बोलिले नाहीत, की आचारी आत जाऊन हरखाने पळी वाजवी. राणीवशात गेलेला दागिना परत आला नाही, की सोनाराच्या घरी पुरण शिजे. मौनाचेही प्रकार जाहले. भुवई न हललेले मौन उत्तम, नाकातून सोडलेले मध्यम, आणि पाठ फिरवून जातानाचे मौन कोणत्या अर्थाचे यावर घरोघर वाद पडत आणि नवराबायको दोन दोन दिवस अबोला धरीत. येणेप्रमाणे सारे राज्य एकमेकांच्या तोंडाकडे पाहत जगत होते, जैसे कोरड्या विहिरीत वाकून कोणी आपलेच तोंड शोधावे.

त्या राज्यात फरासखाना, म्हणजे डेरे, राहुट्या आणि त्यांभोवतीच्या कापडी भिंती, ज्यांस कनाती म्हणतात, यांचा कारखाना, आणि त्याचे कारभारी विसाजीपंत. चाकरी बावीस वर्षांची, स्वभाव निर्मळ, जीभ कोरडी. वाकडी मेख शंभर हातांवरून ओळखीत आणि बोलत. सरळ बसलेली मेख त्यांस दिसतच नसे, जैसे श्वास चालतो तोवर मनुष्यास नाक आठवत नाही. त्यांच्या हाताखाली डेरे ठोकणारे साठ फरास आणि साठांचा नाईक सुभानजी. सुभानजी मोठा कसबी. राखेची चिमूट उडवून वारा कोणत्या प्रहरी फिरेल ते सांगे. बारा खांबांचा पांढरा डेरा, त्याचे नाव राजहंस, तो उभा करणे या दौलतीत एकट्या सुभानजीस साधे. डेरा उभा जाहला की त्यास ताणून धरणारे दोर, ज्यांस तणावे म्हणतात, ते एकेक बोटाने छेडी, तंबोरा लावणाऱ्यासारखा कान देई, आणि शेवटचा तणावा जुळला की वळोन पंतांकडे पाही. एक श्वासभर पाही. मग मेखा ठोकावयाची मोगरी खांद्यावर टाकून निघोन जाई. पंतांस बावीस वर्षे वाटे की नाईक पुढील हुकमाची वाट पाहतो, म्हणोन ते म्हणत, "आता कनाती."

वैशाखात नदीकाठी भेटीचा दरबार भरे. नदीपलीकडे एक बाईसाहेब राज्य करीत. मधल्या कुरणांचा तंटा तीन पिढ्यांचा. म्हणोन वर्षास एकदा उभय सरकारे भेटत, विडे घेत आणि तंटा पुढील वर्षावर टाकीत. त्या वर्षी भेटीच्या दुसरे दिवशी वळवाचे वादळ आले. बाईसाहेबांकडील तंबू, जे राजहंसाशेजारीच होते, सारे उडाले. एक तर आंब्याच्या शेंड्यावर जाऊन ऐसा बसला की कावळ्यांनी जागा सोडली. राजहंस मात्र उभा. बाईसाहेब भिजून आत आल्या, आणि सरकारांकडे न पाहता दोरांकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि विचारते जाहल्या की, "हे कोणी केले?" दरबारी बोलिले, "सरकारांचे पुण्य." बाईसाहेब म्हणाल्या, "पुण्य दिसते आहे. दोर कोणी सोडला ते विचारते." मग सुभानजीस पुढे आणिले. बाईसाहेब म्हणाल्या, "नाईक, वारा फिरण्याआधी आग्नेयेचे दोन तणावे तुम्ही हातभर ढिले केलेत. मी आमच्या तंबूतून पाहत होते. मनात म्हटले, हा मनुष्य चुकला. मग वारा आला आणि कळले की चुकलो आम्ही. तुमच्यामुळे माझी माणसे आडोशास आहेत." हे ऐकताच दरबारी मागे सरले. कित्येकांनी जवळपास निवडुंग आहे काय ते पाहिले. परंतु सुभानजी पडला नाही, खांब पडला नाही, आभाळही होते तेथेच राहिले. सुभानजीने हात जोडिले आणि बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. आणि पाहणारे सांगतात की, जुळलेलाच एक तणावा तो उगाच छेडीत होता, पुनःपुन्हा, जैसा कोणी आपलेच नाव प्रथम ऐकितो.

पंधरा दिवसांनी सुभानजी पंतांपुढे आला आणि म्हणाला, "पंत, मला निरोप द्यावा. नदीपलीकडे चाकरीस जातो." पंतांनी विचारिले, "तिकडे अधिक देतात काय?" नाईक म्हणाला, "कमीच देतात. बाजरीही तिकडची हलकी." "मग?" "तिकडे पाहतात." पंत म्हणाले, "आणि इकडे काय आंधळे बसलो आहो?" नाईक म्हणाला, "नाही पंत. इकडेही पाहतात. मेख चुकली की." पंत तेथोन उठले. दोन प्रहरी घरी पानावर बसले आणि कुटुंबास, त्यांचे नाव आवडाबाई, सर्व सांगितले. आवडाबाई म्हणाल्या, "अहो, बावीस वर्षे त्याच्याशी बोललात तरी काय?" पंत म्हणाले, "कनाती म्हणालो." "आणि माझ्याशी तीस वर्षे?" पंत भात कालवू लागले. आवडाबाई म्हणाल्या, "मीठ म्हणालात. तेही कमी पडले त्या दिवशी."

वर्तमान सरकारांस पावले आणि हुजूर मोठी चिंता पडली. पुढील वर्षीचा दरबार आपल्या काठी, कुरणांचा करार पुरा करावयाचा तोही तेव्हाच, आणि राजहंस उभा करणारा पलीकडे चालिला. पंतांस बोलाविले. सरकार म्हणाले, "नाईक एका वाक्यासाठी जातो?" पंत म्हणाले, "होय सरकार." सरकारांनी मिशीवर हात फिरविला आणि म्हणाले, "मग आपण त्यास हजार वाक्ये देऊ." दिवाणांनी निवडुंगाची आठवण दिली; सरकार म्हणाले की, दृष्ट काढिता येते, गेलेला नाईक आणिता येत नाही. येणेप्रमाणे एकोणिसावा कारखाना, शाबासखाना, स्थापिला, आणि विसाजीपंतांस फरासखान्यावरी आणखी शाबासनीस केले, आणि ताकीद दिली की, "पुढील भेटीनंतर नाईक आपला राहिला तर तुम्ही आहात. गेला तर खाडीवर मिठागराची राखण मोकळी आहे. तिकडे गेलेला मागील कारकून अद्याप पाणी मागतो." पंत तैसेच फरासखान्यात गेले. सुभानजीस विनविले; तो म्हणाला, "भेटीपर्यंत थांबतो. पुढचे तेव्हा पाहू."

मग शाबासखाना चालिला, तो कैसा चालिला ते लिहितो. चार प्रतींच्या शाबासक्या ठरविल्या. पहिली वाहवा, दुसरी शाबास, तिसरी बरे केले, आणि चौथी केवळ मान हलविणे, तीही दोनदाच. ज्यास शाबासकी पाहिजे त्याने दोन साक्षी घालून अर्ज करावा, अर्जावर शिक्के घ्यावे, आणि पौर्णिमेस चौकात येऊन उभे राहावे. मग भालदाराने ललकारावे, आणि लागलीच दृष्ट निघावी म्हणोन मोहऱ्या, मीठ आणि सात मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकाव्या. त्या मिरच्यांचा खकाणा ऐसा उठे की, ललकारणारा खोके, ऐकणारा खोके, ज्याची शाबासकी तो डोळे पुशीत घरी जाई. आणि लोक म्हणत की, बिचारा फार गहिवरला. प्रारंभी मोठाच उल्हास जाहला. चौकात जत्रा भरू लागली. पाणके, माळी, खिजमतगार हसत येत आणि शिंकत जात, आणि पौर्णिमेस राज्यातील मिरची संपे. परंतु अर्जास शिक्के मिळता मिळता दिवस जात. परसातील पन्हळ नीट बसविली म्हणोन गवंड्याची वाहवा निघाली तेव्हा पन्हळ गळत होती. सुईणीची शाबासकी निघाली तेव्हा मूल रांगत येऊन निखारे पाहू लागले. उन्हाळ्यातील पन्ह्याबद्दल आचाऱ्यास पौषात गौरविले आणि थंडीने त्याचे दात वाजत होते. कोणी रुसू नये म्हणोन पुढे सर्वांस सारखेच देऊ लागले. वेशीवरील एक पहारेकरी चाकरीत निजत असे. त्यासही "उत्तम जागला" म्हणोन ललकारिले, आणि दुसरे दिवशी तो उशी घेऊन आला. जो वेशीवर खरोखर जागत होता त्याने हे पाहिले, आणि तोही भिंतीस टेकला. झाडणाऱ्यास पृथ्वीवर ऐसा झाडणारा जाहला नाही ऐसे म्हटले; तो तीन दिवस केरसुणी हाती धरून विचार करीत बसला की, आता याहून पुढे काय झाडावे. आणि सारे शब्द ऐसे स्वस्त जाहले, जैसे पावसाळ्याअखेरचे भोपळे. वेलावर मावत ना, शेजाऱ्याच्या दारात ठेवून लोक पळत.

फरासखान्यात तो आणखीच निराळे जाहले. शाबासखान्याचे कारकून डेऱ्याचे काम जाणत ना. त्यांस एक घटिकापात्र तेवढे कळे. म्हणोन डेरा किती घटकांत उभा जाहला ते पाहत, आणि झटपट करणाऱ्यास वाहवा देत. मग फरास झटपट करू लागले. मेख भुईत अडीच वीत जावी, ती दोन वीत जाऊ लागली, मग दीड. कारण मेखेचा भुईत गेलेला भाग कोणास दिसतो? सुभानजीने ओरडून पाहिले, फरास हसून म्हणत, "नाईक, आम्हांस तीन वाहवा आहेत, तुम्हांस किती?" पौषात तो शाबासखान्यात आला आणि म्हणाला की, "माणसे मेखा दीड वीत ठोकतात. राजहंस बसेल." कारकुनाने उत्तर दिले, "येथे आनंदाचेच अर्ज घेतात." पंत तेथेच शिक्के मारीत होते, अंगठा शाईने निळा, पुढे चाळीस वाहवा पडलेल्या. मान वर न करिता म्हणाले, "नाईक, पुढील पौर्णिमेस तुमची पहिल्या प्रतीची आहे. तेवढी होऊ द्या." आणि पौर्णिमेस सुभानजीस मध्ये उभे केले, आणि भालदार ललकारला की, "सुभानजी नाईक यांनी हत्तीस वेळेवर स्नान घालून, कानामागील मळ काढून, सरकारांस संतोष दिला." कागद बदलला होता. पलीकडे माहूत आपले तणावे अढळ असल्याचे ऐकून हात जोडीत होता. मिरच्या पडल्या, खकाणा उठला. पंत खोकत नाइकामागे धावले आणि म्हणाले, "नाईक, कारकुनाची चूक." सुभानजी म्हणाला, "कळले, पंत. पण हत्ती खरेच स्वच्छ होता. येताना मी पाहिला, आणि माहुतास तसे बोललो." आणि चालता जाहला. पंत उभे राहिले. त्यांस वाटले की, अवघा कारखाना, अठ्ठावीस कारकून, चार शिक्के आणि भालदार मिळोन जे इतक्या महिन्यांत जाहले नाही, ते हा मनुष्य चालता चालता करून आला. परंतु मिठागर डोळ्यांपुढे होते, पुढील चाळीस वाहवा वाट पाहत होत्या, आणि पंत पुन्हा शिक्क्यांकडे गेले.

पुढे हेमलंबी संवत्सर लागले. गुढीपाडव्याचा मुहूर्त धरून भेटीची तालीम म्हणोन राजहंस मैदानात उभा केला. फरासांनी ऐसा चपळाईने केला की घटिकापात्र बुडालेही नाही. सरकार आत बसले, मानकरी बसले, निखारे आणिले, आणि भालदाराने गळा साफ करून आरंभ केला की, "राजहंस अढळ, राजहंस अचल, राजहंस मेरूसमान..." आणि तेथे, मेरूच्या जवळपास, राजहंस बसला. एकदम पडला नाही. थकलेल्या मनुष्याने हुश्श म्हणावे तैसा एक उसासा जाहला, पश्चिमेच्या मेखा भुईतून मुळ्यांसारख्या उपटल्या, आणि दोनशे हातांचे पांढरे आभाळ हळूच दरबाराच्या डोक्यावर उतरले. आत दूधपांढरा अंधार. निखाऱ्यांची परात कलंडली, मिरच्यांचा खकाणा कोंडला, आणि बाहेरून पाहता एका कापडाखाली सत्तर उंचवटे खोकत हिंडत होते. दिवाणांनी सरकार समजोन आचाऱ्यास मुजरा केला. दोघे मानकरी, ज्यांचे वीस वर्षे वैर, एकमेकांच्या मांडीस मिठी मारून ओणवे होते. भालदार तो अभ्यासाने अद्याप "अचल, अचल" म्हणत होता. आणि या गर्दीत मधला मोठा खांब, साठ मनुष्यांनी उचलावयाचा, करकरत सरकार होते त्या उंचवट्यावर झुकला.

पंत पोटावर सरपटत निघाले. पागोटे आत राहिले. कनातीखालोन मुंडके बाहेर काढिले, आणि बावीस वर्षांत पहिल्याने त्यांस एक गोष्ट दिसली जी चुकत नव्हती. सुभानजीने खांबाच्या शेंड्याचा दोर आपल्या कमरेस दोन वेढे घेऊन बांधिला होता, पाठ मागे टाकिली होती, आणि खांब त्यास ओढीत होता. टाचा भुईत रुतल्या होत्या, आणि टाचांमागोमाग भुईत दोन चर पडत चालिले होते, नांगरल्यासारखे. बोट बोट दोर सोडीत, दातांत ओठ धरून, त्याने तो खांब सरकारांच्या डोक्यावरून बाजूस वळविला आणि ऐसा खाली ठेविला, जैसे निजलेले मूल पाळण्यात ठेवावे. धूळही उडाली नाही. मग वळोन, कोणीच पाहत नसावे ऐसे समजोन, जुन्या सवयीने एक श्वासभर उभा राहिला. आणि पंतांस तो श्वास ओळखू आला. बावीस वर्षे, प्रत्येक डेऱ्याअखेर, हाच श्वास त्यांच्यापुढे ठेविला गेला होता, आणि त्यांनी त्यात कनाती टाकिल्या होत्या.

पंत तैसेच भुईवरून म्हणाले, "नाईक." सुभानजी दचकला. म्हणाला, "पंत, पागोटे कोठे?" पंत म्हणाले, "आत आहे. ऐका. खांब तुम्ही कमरेवर घेतलात. हातांवर घेता तर दोर सुटला असता. आणि एकदम सोडला नाही, बोट बोट सोडलात. मी पाहिले. सरकार जिवंत आहेत ते त्यामुळे." नाईक कमरेचे वेढे सोडू लागला. पंत म्हणाले, "आणखी एक. मेखांचे तुम्ही पौषात सांगितले होते. मी मान वर केली नाही. ती चूक माझी." तितक्यात सरकार शिंकत बाहेर आले, खांब पाहिला, सर्व उमजले, आणि सवयीने म्हणाले, "भालदार!" सुभानजी म्हणाला, "सरकार, भालदार नको." मग सरकार काय करावे ते न कळोन उभे राहिले. भुईतील चर त्यांच्या दृष्टीस पडले. वाकले, हात घालून पाहिला, मनगटापर्यंत गेला. म्हणाले, "खांब जड होता?" "जड होता, सरकार." "आम्हांस लागला असता." "लागला असता." सरकारांनी हाताची माती झाडिली आणि म्हणाले, "लागला नाही." इतकेच बोलिले. मिरच्या संपल्या होत्या, दृष्ट कोणी काढिली नाही, आणि निवडुंगात कोणी पडले नाही.

दुसरे दिवशी शाबासखाना बंद जाहला आणि पंत मैदानात गेले. प्रथम त्यांस मोजमाप कळेना. जे दिसे त्यास चांगले म्हणत सुटले, दोरास म्हणाले, मोगरीस म्हणाले, खांबावर बसलेल्या कावळ्यास उद्देशून काही म्हणू लागले तेव्हा सुभानजी म्हणाला, "पंत, कावळ्याचे राहू द्या." मग शिकत गेले. बकाजी नामे फरास, झटपट मेखा ठोकणारांत पहिला, एका मेखेशी खडक लागला म्हणोन थांबला, ती काढिली, जागा बदलून पुन्हा ठोकिली, पंत तेथेच वाकले, वितीने मोजिले, आणि म्हणाले, "बकाजी, अडीच वीत पुरी गेली. उशीर जाहला तरी तू तिला फसविले नाहीस." बकाजी लाजून मोगरी चाटील की काय ऐसा उभा राहिला, आणि सायंकाळपर्यंत साठांच्या मेखा अडीच वीत जाऊ लागल्या, कित्येकांच्या तीन. चुकले तेही पंत सांगत. परंतु बाजूस नेऊन, हळू. घरी पानावर बसले आणि म्हणाले, "आज आमटीस आमसूल आहे. उन्हातून आल्यावर बरे वाटले." आवडाबाई पळी हातात धरून म्हणाल्या, "तीस उन्हाळे घालते आहे. आज कळले?" पंत म्हणाले, "आज कळले." त्या पाठमोऱ्या जाहल्या, बराच वेळ चुलीकडे काही शोधीत होत्या, आणि मग न विचारता आणखी एक पळी वाढली.

वैशाखात भेटीचा दिवस आला. पलीकडील होड्या काठास लागल्या, बाईसाहेब उतरल्या. सुभानजी शेवटचे तणावे छेडीत होता. पंत दहा हातांवर उभे. कराराचा विचार त्यांच्या मनात नव्हता, आणि मिठागर तो दूरच. शेवटचा तणावा जुळला, सुभानजी वळला, पाहिले. पंत म्हणाले, "पश्चिमेचा खालचा तणावा आज नवा घातलात. जुना अजून एक वर्ष चालला असता, कोणास दिसलाही नसता. तरी बदललात." सुभानजी एक श्वासभर उभा राहिला. मग मोगरी खांद्यावर टाकिली आणि म्हणाला, "आता कनाती."

बाईसाहेब हे पाहत होत्या. जवळ येऊन सर्वांदेखत म्हणाल्या, "नाईक, वर्ष जाहले. येता ना?" सरकारांचा विडा हातात तैसाच राहिला, आणि पंतांच्या जिभेवर मीठ आले. सुभानजीने हात जोडिले आणि म्हणाला, "बाईसाहेब, आपले ते वाक्य मला जन्मभर पुरेल. परंतु आमचे पंत नुकते बोलू लागले आहेत. आताच सोडून गेलो तर पुन्हा मुके होतील." बाईसाहेब हसल्या, सरकारही हसले. मग सुभानजी पंतांकडे वळला आणि म्हणाला, "पंत, आज वेळेवर बोललात. आधी पाहिलेत, मग बोललात. चांगले जमले." पंतांस बावीस वर्षांत, किंबहुना मुंजीपासोन, कोणी ऐसे म्हटले नव्हते. कानात नगारे वाजू लागले, पाय भुईस लागत ना, मैदान हिरवे की आभाळ हिरवे ते कळेना. सरकारांऐवजी एका उंटास मुजरा केला, उभय सरकारांस काही सांगावे म्हणोन वळले, आणि नव्या तणाव्यास अडखळोन काठच्या निवडुंगात पडले.  एका दिवाणाने डोळे मिटले आणि मूळपुरुषांचे नाव घेतले. सुभानजीने जाऊन तणावा पाहिला, छेडिला, आणि म्हणाला, "दृष्ट नव्हे. दोर होता. पंतांनी खाली पाहिले नाही." तितक्यात निवडुंगातून आवाज येऊ लागला, प्रथम लोकांस वाटले की पंत रडतात, परंतु ते हसत होते, आणि थांबत ना, आणि त्यांचे ऐकून फरास हसले, मग होडीवाले, मग उभय सरकारे, आणि त्या हास्यात तीन पिढ्यांच्या तंट्याचा करार सही जाहला. आवडाबाईंनी घरी तीन दिवस काटे काढिले. पंत पालथे निजून म्हणत, "तुझा हात हलका आहे," आणि त्या म्हणत, "हलू नका."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. शाबासखान्याचा मोठा शिक्का आवडाबाईंच्या लोणच्याच्या बरणीवर वजनास ठेविला आहे, आणि पहारेकरी उशीवाचून जागतो. धन्याने जाणावे ते इतकेच की, काम करणारा काम संपल्यावर एक श्वासभर थांबतो. तो श्वास धन्याचा असे, त्यात पाहिलेले सांगावे, न पाहिलेले सांगू नये, आणि पौर्णिमेची वाट पाहू नये. पुढे विलंबी संवत्सरी सरकार एके सकाळी एकटे नदीकाठी गेले, मूळपुरुषांच्या घोड्याचा दगड होता त्याची मान थोपटिली, आणि म्हणाले, "बहुत धावलास." दगड हलला नाही. सरकारही पडले नाहीत. कळले पाहिजे. लेखनसीमा.